भिंतीतला पलंग आणि मर्फीसाहेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे कमिटीने सांगितले तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. सगळे आयुष्य बँकेत गेले. लिहिले म्हणजे काय, तर इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि कर्जप्रस्तावांवरचे शेरे. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या तिन्ही विंगमधले बरेच सभासद आमच्याकडे येऊन हॉलमधला तो भिंतीत उभा राहणारा पलंग बघून गेले. कुणी माप घेतले, कुणी फोटो काढले. ही युक्ती मूळ कुणाची, असे जवळजवळ प्रत्येकाने विचारले. तेव्हा पाव्हण्यांना चहाबरोबर अर्धवट सांगितलेली ती हकिकत आज सबंध लिहून काढतो. आपली सगळ्यांची घरे वन रूम किचन नाहीतर वन बीएचके, त्यामुळे हा विषय परका वाटू नये.

या पलंगाला जगभर मर्फी बेड म्हणतात. आता मर्फी म्हटले की आमच्या पिढीला काय आठवणार? रेडिओ! गालावर बोट ठेवलेले ते गुटगुटीत बाळ दुकानादुकानांतून दिसायचे. पण तो रेडिओवाला मर्फी इंग्लंडचा, आणि हा पलंगवाला अमेरिकेचा. जे बिघडू शकते ते बिघडतेच, असा नियम ज्याच्या नावावर आहे तो इंजिनिअर मर्फी तिसराच. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपले मर्फी म्हणजे विल्यम लॉरेन्स मर्फी.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, कॅलिफोर्निया राज्यातल्या कोलंबिया या गावचा. १८५० च्या आसपास त्या भागात सोने सापडले आणि देशोदेशीची माणसे कुदळ-फावडे घेऊन तिकडे धावली. कोलंबिया हे त्या सोन्याच्या लाटेवर उभे राहिलेले गाव. मर्फींचे वडीलही त्याच लाटेबरोबर आलेले. सोने काही सगळ्यांना मिळत नाही. मुलाने पडेल ते काम केले. घराण्यात सांगतात त्याप्रमाणे विल्यमने रानटी घोडे वठणीवर आणले, टपाल-उतारूंची घोडागाडी हाकली, एका लहानशा गावात शेरीफ म्हणजे आपल्याकडच्या फौजदारासारखे कामही केले. सुतारकी किंवा इंजिनिअरिंग असे रीतसर शिक्षण त्यात कुठेच नाही.

विसावे शतक उजाडायच्या सुमारास हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोला आले. मोठे बंदर, भरभराटीचे शहर आणि जागेची तीच ओरड जी आपण मुंबईत रोज ऐकतो. बुश स्ट्रीटवर त्यांनी भाड्याने एक खोली घेतली. एकच खोली. तीत पलंग टाकला की उरलेल्या जागेत माणसाने वळायचे कसे हाच प्रश्न. तरीही एकट्या माणसाचे त्यात भागून गेले असते. पण तेवढ्यात साहेब प्रेमात पडले.

मुलगी होती ग्लॅडिस, ऑपेरात गाणारी तरुणी. आणि इथेच खरी अडचण आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे चांगल्या घरच्या अविवाहित मुलीने पुरुषाच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकणे म्हणजे बदनामी. बसायच्या खोलीत, चार लोकांसारखे, चहाला येणे चालत असे. पण मर्फींकडे बसायची खोली आणि झोपायची खोली एकच. खोलीच्या मध्यभागी पलंग दिसला, की ती झोपायची खोली झाली! म्हणजे अडचण चौरस फुटांची कमी आणि अब्रूची जास्त होती. हे आपल्याला समजावून सांगायला नको. पाहुणे दारात उभे आणि हॉलमध्ये अंथरूण पसरलेले, अशा वेळी आपल्या घरच्या बायकांची कशी धांदल उडते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

मर्फींच्या खोलीला कपड्यांचे एक मोठे कपाट होते, भिंतीतच बांधलेले, दार असलेले. मर्फी कुटुंबाकडून चालत आलेली गोष्ट अशी की, त्यांनी त्या कपाटाची जुनी चौकट आणि दाराच्या बिजागऱ्या वापरून पलंग असा बसवला, की डोक्याकडची बाजू चौकटीशी खिळलेली राहील आणि पायाकडून उचलला की अख्खा पलंग उभा होऊन कपाटात जाईल. वरून दार लावले की झाले! खोलीत राहिल्या दोन खुर्च्या आणि एक टेबल. मुलगी चहाला येऊ शकली. १९०० साली दोघांचे लग्न झाले आणि त्याच सुमारास मर्फींनी पहिल्या पेटंटांसाठी अर्ज केले. सासऱ्यांकडून उसने पैसे घेऊन कंपनी काढली, असेही घराण्यात सांगतात.

यावर मी बँकवाला म्हणून क्षणभर थांबतो. समजा, हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता. अर्जदाराचा पूर्वानुभव : घोडे, घोडागाडी आणि पोलिसी काम. तारण काही नाही. स्थिर उत्पन्न नाही. माल काय, तर कपाटात जाणारा पलंग. मी काय शेरा मारला असता हे मला पक्के ठाऊक आहे, आणि आज त्याची थोडी लाजही वाटते. सासऱ्यांनी कागद न बघता माणूस पाहिला.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घडीचा पलंग मर्फींनी शोधला, असे जे सर्रास म्हणतात ते बरोबर नाही. त्यांच्या आधीही असे पलंग होते, मोठमोठ्या दुकानांच्या कॅटलॉगमध्ये विकायला असत. शिकागोत सारा गूड नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री फर्निचरचे दुकान चालवत होती. लहान घरांत राहणारी गिऱ्हाइके तिच्या दुकानात यायची. तिने दिवसा लिहायचे मेज आणि रात्री पलंग, असे फर्निचर तयार केले. १४ जुलै १८८५ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तिची गणना होते. उघडझाप करताना वजनाचा तोल राहावा, हा विचारही तिच्या आराखड्यात आहे. तिचे नाव फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

मग मर्फींनी वेगळे काय केले? साराबाईंचा पलंग घडी झाल्यावर मेज होऊन खोलीतच उभा राहायचा. पलंग दिसेनासा झाला तरी जमीन अडायची ती अडायचीच. मर्फींचा पलंग मात्र खोलीतून निघून भिंतीच्या पोटात गेला. तो फर्निचर न राहता घराचाच एक भाग झाला, दार-खिडकी असते तसा. त्यामुळे त्यांचे गिऱ्हाईकही बदलले. एकेक पलंग घेणाऱ्या कुटुंबापेक्षा अख्खी इमारत बांधणारा बिल्डर त्यांच्याकडे येऊ लागला.

आणि तशी वेळही आली, फार वाईट तऱ्हेने. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे, पाच वाजून गेल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ आगी लागल्या आणि त्या काही दिवस धुमसत राहिल्या. सुमारे चार लाख वस्तीच्या शहरातली निम्म्याहून अधिक माणसे बेघर झाली, तीन हजारांवर मेली. सारे शहर नव्याने बांधायचे होते, झटपट आणि थोड्या जागेत जास्त बिऱ्हाडे बसवून. पुढच्या वर्षांत तिथे आणि इतर शहरांतही ज्या चाळीवजा अपार्टमेंटच्या इमारती उठल्या, त्यांत भिंतीतला पलंग ही नेहमीची सोय झाली. बिल्डरचा हिशेब सरळ होता. बेडरूमच बांधायची नाही, म्हणजे त्याच मजल्यावर जास्त भाडेकरू.

१८ जून १९१२ रोजी मर्फींना मिळालेल्या पेटंटाचे नावच मुळी गायब होणारा पलंग असे आहे. १९१६ मध्ये आणखी एक मिळाले. १९१८ च्या सुमारास त्यांनी दाराच्या चौकटीशी फिरणाऱ्या खांबावरचा पलंग काढला. तो कपाटात उभाच्या उभा राहायचा, दार उघडले की खांबावर गोल फिरून बाहेर यायचा आणि मग खाली उतरायचा. त्यामुळे पलंगाएवढे रुंद कपाट लागत नसे, नेहमीच्या दाराएवढी फट पुरे.

या सगळ्याचा जीव कशात आहे, ते मी स्वतःचे हात पोळल्यावर शिकलो. मुलाचे लग्न झाल्यावर आम्ही दोघे हॉलमध्ये झोपू लागलो. नातू दहावीत गेला तेव्हा त्याच्या टेबलाला जागा हवी म्हणून हॉलमधला दिवाण काढायचा ठरला. मी एका ओळखीच्या मेस्त्रीला बोलावून आपल्या अकलेने पलंग करून घेतला. सव्वासहा बाय चार फूट, १९ मिलिमीटरचे प्लाय, खाली चौकट, डोक्याकडे चार जाड बिजागऱ्या, वर एक कडी. गादीसकट वजन साठ किलोच्या घरात. मेस्त्री वजन पेलायला काहीतरी लावा म्हणत होता, मीच खर्च वाचवला. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी कडी काढताना पलंग माझ्या हातून निसटला आणि धाडकन जमिनीवर आला. नातू वही उचलायला वाकला होता, हातभर अंतराने वाचला. खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप झाला म्हणून वर धावत आले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्या पलंगावर तर नाहीच नाही.

नंतर वाचून, विचारून कळले ते असे. असा पलंग आडवा असताना पायाकडून उचलायला गेलो, तर साधारण निम्मे वजन हातावर येते, म्हणजे आमच्या बाबतीत तीस किलो. जसजसा तो उभा होतो तसतसा भार कमी होत जातो आणि अगदी सरळ उभा राहिल्यावर जवळजवळ शून्य. खाली आणताना उलटे. सुरुवातीला हलका वाटतो, माणूस बेसावध होतो, आणि शेवटच्या दीड हातात सगळा भार एकदम येतो. मर्फींच्या पलंगातल्या स्प्रिंगा नेमके हेच सांभाळत. पलंग खाली येईल तशा त्या ताणल्या जात आणि जिथे भार सर्वांत जास्त तिथे त्यांची ओढही सर्वांत जास्त. त्यामुळे एखादी बाईमाणूसही तो एका हाताने उचलू शके. घडी घालणे सोपे असते हो, वजनाचा तोल साधणे कठीण.

या तोलाची थट्टाही झाली. १९१६ मध्ये चार्ली चॅप्लिनने वन ए.एम. नावाचा मूकपट काढला. रात्री झिंगून घरी आलेला माणूस भिंतीतल्या पलंगाशी कुस्ती खेळतो. पलंग वर जातो, खाली येतो, त्याला आपटतो, आणि शेवटी तो बिचारा जाऊन बाथटबमध्ये झोपतो. लोक पोट धरधरून हसले. माझ्या मुलाने तो मला मोबाईलवर दाखवला, पण आमच्याकडच्या प्रसंगानंतर मला काही मोकळेपणाने हसू आले नाही.

१९२०-३० चे दशक हा मर्फींचा सुवर्णकाळ. कंपनीचे मुख्य ठाणे न्यूयॉर्कला गेले. पलंगाच्या जोडीला लहान घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघराचे सेटही ते विकू लागले. मग दुसरे महायुद्ध आले. पोलाद रणगाडे-जहाजांकडे गेले, पलंगाला मिळेना. युद्ध संपल्यावर त्याहून मोठा फटका बसला, आणि तो चांगल्या दिवसांचा होता! सैनिक परत आले, स्वस्त कर्जे मिळाली, लोकांनी शहराबाहेर ऐसपैस घरे बांधली. प्रत्येकाला स्वतंत्र बेडरूम मिळाल्यावर पलंग लपवायचा कशाला? भिंतीतला पलंग म्हणजे गरिबीची खूण वाटू लागली. ही उतरती कळा मर्फींनी डोळ्यांनी पाहिली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चांगले वय होऊन, ते गेले. धंदा मुलाने आणि पुढे नातवाने चालवला. पुढे शहरांतली भाडी पुन्हा आकाशाला भिडली आणि पलंगालाही पुन्हा मागणी आली.

शेवटचा एक चटका मात्र त्यांच्या नावाला बसला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील कोर्टाने निकाल दिला, की मर्फी बेड हे नाव आता कुणा एका कंपनीचे राहिलेले नाही. लोक भिंतीतल्या कोणत्याही पलंगाला तेच म्हणतात, तेव्हा ते सर्वांचे. आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा आणि कुठल्याही प्रतीला झेरॉक्स म्हणत? धंद्याच्या दृष्टीने हे नुकसानच. पण मला विचाराल, तर घोडागाडी हाकणाऱ्या माणसाचे नाव सामान्य नाम होऊन बसले, यापेक्षा मोठे स्मारक कोणते?

आता आमच्या पलंगाचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण माप घेऊन गेलेल्या मंडळींना ते उपयोगी पडेल. तो आम्ही मोडला नाही, दुरुस्त केला. बिजागऱ्या काढून भिंतीतल्या पलंगासाठीच मिळणारा पिव्होटचा सेट आणि दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे बसवले, दुकानदाराला गादीसकट नेमके वजन सांगून. दांडे वजनापेक्षा कमी ताकदीचे असतील तर पलंग आपटतो, जास्त ताकदीचे असतील तर खालीच येत नाही. कापसाची गादी काढून टाकली. ती जड तर असतेच, शिवाय उभी ठेवली की कापूस घसरून खाली गोळा होतो. त्याऐवजी पाच इंची फोमची गादी आणि ती बांधायला दोन पट्टे. पलंगाची चौकट आमच्या हॉलच्या पातळ आडभिंतीवर होती, ती बाहेरच्या जाड विटांच्या भिंतीवर नेली आणि साध्या स्क्रूऐवजी लांब अँकर बोल्ट मारले. उभा पलंग पुढे पडायला बघत असतो, तेव्हा वरचे बोल्ट हेच खरे राखणदार. कॉलम-बीमला मात्र भोक पाडू नका, आधी कमिटीला आणि इंजिनिअरला विचारा. वर एकाऐवजी दोन कड्या, लहान मुलाच्या हाताला न येतील अशा उंचीवर. आणि पलंग खाली घेताना समोर कुणी नाही ना, हे तोंडाने विचारायचे. ही शेवटची सवय फुकट आहे आणि सर्वांत महत्त्वाची आहे.

माझ्या सौभाग्यवतींची कंबर पंधरा वर्षांपासून धरलेली. तरीही हॉलमध्ये झोपायला लागल्यापासून त्या रोज पहाटे पाचला उठून गाद्या गुंडाळत, कारण सहाला दूधवाला आणि सातला नातवाची शिकवणी. आपले अंथरूण लोकांच्या नजरेला पडू नये, याचा त्यांना घोर. मी त्याला उगाचचा सोपस्कार म्हणत असे. आता कडी लावली, की हॉल तो हॉल. त्या साडेसहापर्यंत झोपतात, आणि गेल्या महिन्यात भजनी मंडळाच्या बायकांना त्यांनी पहिल्यांदा आपल्या घरी बोलावले. बारा जणी बसल्या. मर्फींची ग्लॅडिस चहाला आली तेव्हा त्यांना कसे वाटले असेल, ते मला त्या दुपारी समजले.

पंचवीस वर्षांपूर्वी चावी हातात आली तेव्हा ही घरे आपल्याला केवढी मोठी वाटली होती, आठवते ना? माणसे वाढली, घर तेवढेच राहिले. पुनर्विकास होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना असा पलंग करायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर जरूर यावे. चहा आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही तयार असतील.

(लेखक निवृत्त बँक अधिकारी व सोसायटीचे सभासद आहेत.)